निवृत्ती नसलेलं घर

श्रीखंडाचा डबा श्रीखंडासाठी असतो, असा फक्त डेअरीवाल्याचा समज असतो. मराठी घरात श्रीखंड हे त्या डब्याच्या आयुष्यातलं जेमतेम एका जेवणाचं प्रकरण. दसऱ्याला तो येतो, संध्याकाळपर्यंत चाटूनपुसून रिकामा होतो आणि दुसऱ्या दिवशी घासून, पालथा घालून कोरडा झाला की त्याची खरी नोकरी सुरू होते. पहिली नेमणूक फ्रीजमध्ये. तिथे तो खवलेला नारळ, हिरवं वाटण, इडलीचं उरलेलं पीठ अशी जबाबदारीची कामं पाहतो. झाकण सैल पडलं की बदली कोरड्या खात्यात, साबुदाण्यासाठी नाहीतर राळ्यासाठी. झाकण हरवलं की मागच्या दाराशी कपड्यांचे चिमटे सांभाळायला. शेवटी बुडाला तापलेल्या सुईने भोकं पाडून त्याच्यात पुदिना लागतो. तिथूनही त्याला कोणी काढत नाही. उन्हाने तडकला तर मोठ्या कुंडीच्या तळाशी खापराच्या जागी जातो. आमच्या घरात बडतर्फी नाही, निवृत्तीही नाही. बदली तेवढी होते.

आमचं घर पुण्यात एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर आहे. तळमजल्याला बाल्कनीऐवजी मागच्या बाजूला चार पावलांची मोकळी जागा मिळते. सोसायटीच्या कागदपत्रांत तिला 'साइड मार्जिन' म्हणतात, आम्ही बाग म्हणतो. स्वयंपाकघराचं दार या बागेत उघडतं आणि बदलीचे बहुतेक हुकूम याच दारातून निघतात. हुकूम काढणाऱ्या माझ्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे, कानाने अधू, पण कुठला डबा सध्या कुठे रुजू आहे हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील.

दुधाच्या पिशवीचंच घ्या. सकाळी दूध पातेल्यात ओतलं की पिशवी विसळायची, ते पांढुरकं पाणी गुलाबाला, आणि ओली पिशवी ओट्यामागच्या टाइलला थापायची. तिला डिंक लागत नाही, खिळा लागत नाही. दुपारपर्यंत वाळते आणि आपली आपण गळून ओट्यावर पडते. ती पडल्याचा बारीक आवाज, जो आम्हाला कोणालाच येत नाही, तो कानाने अधू असलेल्या आईंना बाहेरच्या खोलीत येतो. "वाळली," त्या म्हणतात. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकबंदी आली, तेव्हा दुधाच्या पिशव्यांना त्यातून सूट मिळाली, पण वापरलेल्या पिशव्या परत गोळा करायच्या या अटीवर. पेपरातली ती बातमी आईंना वाचून दाखवली तर म्हणाल्या, "सरकारला आत्ता सुचलं." पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा होऊ देऊ नका, तो एवढासा तुकडाच गटारं तुंबवतो, असं हल्ली पर्यावरणवाले कळकळीने सांगतात. आमच्याकडे तो तुकडा कधीच सुटा झालेला नाही. आईंचं कारण वेगळं आहे. तुकडे नसलेल्या पिशव्या रद्दीवाला वजनात कमी धरतो, असा त्यांना संशय आहे.

याला कोणी काटकसर म्हणेल, पण ती काटकसर नव्हे. काटकसरीत कुठेतरी हिशेब असतो. ज्या घरात डाळीला तुपाची फोडणी सढळ हाताने पडते, त्या घराला रिकाम्या पिशव्यांचे चार रुपये मिळाले काय आणि न मिळाले काय. खरी गोष्ट अशी की एखाद्या वस्तूला 'आता तुझं काम संपलं' असं तोंडावर सांगणं आमच्या घराला जमत नाही. अडगळ काढा, मन मोकळं होईल, असं सांगणारी पुस्तकं हल्ली निघतात. तसलं एक पुस्तक कोणीतरी मला वाढदिवसाला दिलं होतं. सध्या ते डायनिंग टेबलाच्या आखूड पायाखाली आहे.

या सगळ्या बदल्यांचं दप्तर म्हणजे भिंतीवरचं कालनिर्णय. १९७३ साली ते निघालं, आणि आईंचा त्याच्याशी तेव्हापासूनचा घरोबा. तिथी, चंद्रोदय, एकादशी हे सगळं त्यात आहेच, पण आमच्या घरी त्या चौकटी छापलेल्यापेक्षा लिहिलेल्यानेच जास्त भरतात. 'दूध १ जास्त.' 'गॅस लावला.' 'ठमी इंजेक्शन.' 'कढीपत्ता, छाटू नये, आत कोणीतरी आहे.' ही शेवटची नोंद पुढे येईल. वर्ष संपलं की पानामागच्या पाककृती कात्रीने निघतात आणि उरलेलं पान कपाटाच्या फळीवर जातं. मागच्या वर्षीचा श्रावण सध्या आमच्या डाळींच्या डब्यांखाली आहे.

पाककृतींची ती कात्रणं जातात 'रुचिरा'मध्ये. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापाने त्याने कितीतरी नवख्या सुनांना तारून नेलं. आमच्याकडची प्रत आईंनी उमेदीच्या काळात घेतलेली. पानांवर हळदीचे आणि तेलाचे डाग इतके, की कुठल्या पानावरचा पदार्थ घरात जास्त झाला ते न वाचता कळावं. आता ती पाककृतींसाठी कोणी उघडत नाही. आईंना सगळं पाठ आहे आणि मी अंदाजपंचे करते. पण तिलाही निवृत्ती नाहीच. तिच्यात लाइट बिलं, मिक्सरचं वॉरंटी कार्ड, एका जुन्या लग्नपत्रिकेतला छान गणपती आणि पुरणपोळीच्या पानाशी मांजराच्या लशींचं कार्ड असतं. डॉक्टरांनी कार्ड मागितलं की आम्ही पुरणपोळी काढतो.

मांजर आम्ही पाळलेलं नाही, ते बदलून आलेलं आहे. कुठून आलं ते कळलं नाही. एका पावसाळ्यात मागच्या दाराशी बसलेलं दिसलं ते तिथेच रुजू झालं. पांढऱ्यावर काळे आणि भगवे ठिपके, चेहरा निम्मा काळा. आम्ही तिला ठमी म्हणतो. वरच्या मजल्यावरच्या काकू तिला राजा म्हणत, कारण दुपारी ती त्यांच्याकडे जेवायला असायची आणि त्यांनी नाव ठेवताना फारशी चौकशी केली नव्हती. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की अशी तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. काळा आणि भगवा हे रंग ठरवणारा गुण एक्स गुणसूत्रावर असतो, दोन्ही रंग एकत्र यायचे तर एक्स दोन लागतात, आणि बोक्याकडे तो सहसा एकच असतो. मी हे सगळं व्यवस्थित समजावून घेऊन वर जाऊन सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "असेल. पण त्याला आता सवय झालीय." काही दिवसांनी त्यांच्या माळ्यावर जुन्या गादीत ठमी बाळंत झाली. काकू जिन्यातून ओरडत खाली आल्या, "अहो, राजाला पिल्लं झाली!"

पिल्लांच्या नेमणुका झाल्या. एक वाण्याच्या गोदामात उंदरांच्या खात्यावर, दुसरं एका नृत्यशिक्षिकेकडे, तिसरं सोसायटीच्या वॉचमनने गावी नेलं. मग ठमीचं ऑपरेशन करून आणलं. तेव्हा डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, की मांजराला दूध देऊ नका. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, पोट बिघडतं. आईंच्या दृष्टीने हे बोलणं डॉक्टरच्या शिक्षणाबद्दलच शंका घेण्यासारखं होतं. "मांजराला दूध नाही द्यायचं तर काय, चहा द्यायचा?" शेवटी दह्यावर तडजोड झाली, कारण दही होताना ती साखर बरीच कमी झालेली असते. गोडाबद्दलचं सत्य मात्र मी आईंना सांगायला नको होतं असं आमचे हे म्हणतात. मांजराला गोड चव कळतच नाही. गोडाची जाणीव करून देणारा तिचा एक जनुकच मोडीत निघालेला आहे, हे शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवून दिलं. दर दसऱ्याला डब्याचं झाकण ठमीला चाटायला देणाऱ्या आई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "बिचारी. इतकं श्रीखंड खाल्लं आणि कळलंच नाही."

आता सुकटीचं. आमचं घर पिढ्यान् पिढ्या शाकाहारी. पण मांजर जन्मजात मांसाहारी. टॉरिन नावाचं एक द्रव्य तिला मांसमच्छीतूनच मिळतं, ते कमी पडलं तर डोळे जातात, हृदय दुबळं होतं. पाकिटातल्या दाण्यांत ते घातलेलं असतं, पण ठमीने दाण्यांचा वास घेतला आणि वाटीवर माती ओढल्याचा अभिनय करून निघून गेली. तेव्हा आईंनी निर्णय दिला की सुकट आणावी. अटी त्यांच्याच. सुकट स्वयंपाकघरात यायची नाही, तिचा चमचा वेगळा, डबा बाहेर वॉशिंग मशीनच्या वरच्या फळीवर. डबा अर्थात श्रीखंडाचाच. त्याच्यावर आईंनी चिकटपट्टी लावून स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'उघडू नये.' यांच्या एका आतेभावाने दसऱ्याच्या दुपारी तो उघडला. उघडू नये असं लिहिलंय म्हणजे खास पाहुण्यांपासून लपवलेलं असणार, असा त्यांचा तर्क. त्यानंतर ते आमच्याकडे जेवायला येतात, पण डब्यातलं काही घेत नाहीत.

सुकटीमुळे आईंच्या आयुष्यात ज्ञानाची एक नवीनच शाखा फुटली. आज त्यांना करंदी आणि जवळा यांतला फरक कळतो. जून-जुलैत राज्यात मासेमारीला बंदी असते, म्हणून मे महिन्यातच भरून ठेवायला हवं, हे त्या शेजारच्या मासे खाणाऱ्या बायकांना सांगतात. आणि मग श्रावण येतो. अख्ख्या बिल्डिंगमध्ये ज्यांच्याकडे एरवी बुधवार-रविवार सुरमई तळली जाते ते सगळे श्रावण पाळतात. महिनाभर सुकट भाजल्याचा वास येतो तो एकाच दारातून, ज्या दारावर आतून ज्ञानेश्वरांचा फोटो आहे त्या. हो, भाजलेली लागते. कच्ची ठमी खात नाही. बागेतल्या जुन्या शेगडीवर, जुन्या तव्यावर, नाकाला पदर लावून ऐंशी ओलांडलेल्या शाकाहारी बाई सुकट परततात आणि वरच्या मजल्यावरचे लोक खिडकीत येऊन सुस्कारे सोडतात.

बागेत झाडं म्हणाल तर फार नाहीत. तुळस, जास्वंद, मोगरा, फुटक्या कुकरमधली कोरफड, गळक्या घमेल्यातला ओवा आणि कढीपत्ता. कढीपत्ता चांगला डोक्याच्या वर गेलेला आहे, आणि तरीही आम्ही कढीपत्ता विकत आणतो. हे कोणाला पटत नाही, पण कारण आहे. कढीपत्ता हे लिंबाच्या कुळातलं झाड. त्यामुळे लिंबावर अंडी घालणारी काही फुलपाखरं याच्यावरही येतात. आमच्याकडे येतं ते बहुरूपी. त्याच्या मादीची सोंगंही वेगवेगळी. काही माद्या नरासारख्या काळ्या, तर काही थेट दुसऱ्याच, पक्ष्यांना बेचव लागणाऱ्या फुलपाखरासारख्या लाल ठिपक्यांच्या. अळी लहान असताना हुबेहूब चिमणीच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणजे कोणी तिला खायचा विचारच करू नये. मोठी झाली की हिरवीगार. छेडलं तर डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. फोडणीसाठी डहाळी खुडायला गेलेल्या माझ्या बोटाला ते शिंग लागलं आणि मी किंचाळले. आईंनी चष्मा लावून पाहणी केली आणि त्या दिवशी कालनिर्णयात ती नोंद झाली.

तेव्हापासून झाडावर अळ्या असल्या की खुडायचं बंद. आणि पाऊस सुरू झाला की झाडावर अळ्या असतातच. आधी भाजीवाली कोथिंबिरीबरोबर कढीपत्ता तसाच टाकायची. आता त्याचे पाच रुपये घेते. बागेत कढीपत्त्याचं झाड असलेली बाई पाच रुपये मोजून कढीपत्ता घेताना पाहून तिच्या चेहऱ्यावर जे येतं त्याला उत्तर नसतं. २०१५ साली महाराष्ट्राने नीलवंत हे राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. असा मान फुलपाखराला देणारं हे देशातलं पहिलं राज्य. तो नीलवंतही याच कुळातल्या झाडांवर वाढतो. आमच्याकडे तो अजून आलेला नाही. आला तर लिंबंही विकत आणावी लागतील.

गुलाबांची जबाबदारी यांची. दर जानेवारीत एम्प्रेस गार्डनला फुलांचं प्रदर्शन भरतं. हे तिथे 'नुसतं बघायला' जातात आणि येताना हातात काळ्या पिशवीतलं रोप असतं. रोप डोळा भरलेलं, म्हणजे खाली दणकट खुंट आणि वर नाजूक, नामांकित जातीचा डोळा. पहिल्या मोसमात बशीएवढी फुलं येतात. मग मे महिना येतो, आणि वरचा नामांकित डोळा उन्हाला कंटाळून जातो. खालचा खुंट मात्र दमदार फुटवे काढतो. हिरवी तजेलदार पानं, लांबलचक फांद्या, अणकुचीदार काटे. सगळं काही, फक्त फूल नाही. हे रोज त्याला पाणी घालतात. "जोर बघ त्याचा," म्हणतात. कोणी सांगितलं की हा जंगली फुटवा आहे, काढून टाका, तर यांचा चेहरा पाहवत नाही. आईंनी त्याचा मार्ग काढला. त्या काटेरी फांद्या कापून इतर कुंड्यांत मातीवर आडव्या टाकल्या, कारण उकरलेली ताजी माती दिसली की ठमीला तिथेच जावंसं वाटतं. हिवाळ्यात त्यावर संत्र्यांच्या साली पडतात. तो वास मांजरांना आवडत नाही. थोडक्यात, एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनातले गुलाब आमच्याकडे पहाऱ्यावर आहेत.

जास्वंदीच्या पहाऱ्यासाठी काही उपाय सापडलेला नाही. पुण्यात पहाटे फिरायला जाणारे दोन प्रकारचे असतात, हात हलवत जाणारे आणि पिशवी घेऊन जाणारे. पिशवीवाल्यांकडे आकडी असते. कुंपणाबाहेर आलेली फांदी सार्वजनिक, आणि आतली फांदी आकडीने बाहेर ओढली की तीही सार्वजनिक, असं त्यांचं धर्मशास्त्र. चांगल्या घरची, निवृत्त, भारदस्त माणसं असतात. एकदा मी खिडकीतून "काका!" म्हटलं तर ते अजिबात दचकले नाहीत. "गणपतीलाच जातंय हो," म्हणाले. "नाहीतरी संध्याकाळपर्यंत मिटणारच." जास्वंदीचं फूल एका दिवसाचंच असतं, त्यामुळे वाद घालायलाही वाव नव्हता. मी विचारलं, पिठ्या ढेकणासाठी साबणाचं पाणी फवारायला येता का, फुलं नेताच आहात तर? ते आले नाहीत. पण नंतर जाता येता मला नमस्कार करू लागले.

यांच्याबद्दल सांगायचं राहिलं. आमच्या घरात निवृत्तीचा अधिकृत कागद मिळालेले हे एकटेच. कार्यालयाने नारळ आणि शाल देऊन रीतसर सोडलं होतं. शालीची बदली ठमीच्या टोपलीत झाली. यांचा मात्र पहिले काही दिवस असा बेत होता की आता वेळच वेळ आहे, दुपारी झोपायचं, पेपरातलं शब्दकोडं सोडवायचं, सगळी राहिलेली पुस्तकं वाचायची. रिकामा माणूस ओट्याजवळून जाताना आईंना दिसला आणि त्यांनी त्याला विळी-खोबरं दिलं. पुढच्या आठवड्यात वाल सोलायला. मग यांनीच शहाणपण करून स्वतःचं खातं निवडलं, कंपोस्ट.

महापालिका ओला कचरा घरच्या घरी जिरवा म्हणून सांगते. हे शब्दशः मनावर घेणारे आमचे हे. मागे दोन मोठे माठ आले. त्यात भाजीची देठं, चहाचा चोथा, केळीच्या साली, वर सुका पाला, वर आंबट ताक. ओल्या कचऱ्यातला नायट्रोजन आणि सुक्या पाल्यातला कार्बन यांचं प्रमाण साधारण एकास तीस पाहिजे, हे यांनी मला स्वयंपाक करत असताना इतक्या वेळा सांगितलं की एकदा मी चुकून भाताला तसं पाणी मोजायला गेले. त्यात अळ्या झाल्या तेव्हा घरात गोंधळ. पण त्या काळ्या माशीच्या, कचरा खाऊन फस्त करणाऱ्या उपयोगी अळ्या निघाल्या. आई म्हणाल्या, कढीपत्त्यावरच्या अळ्या झाडावर, याच्या माठात, पोटाला मिळाल्याशी कारण. दिवसातून निदान चार वेळा हे झाकण उघडून आत पाहतात. काय पाहता, असं विचारलं तर "मुरतंय" एवढंच. मला वाटतं नोकरीत यांना फाइल हलवून पुढे ढकलण्याचं जे समाधान मिळत होतं ते इथे काठीने ढवळण्यात मिळतं, आणि इथे खालून काळंभोर, पावसाच्या वासाचं काहीतरी खरोखर बाहेर येतं.

फक्त ते चाळायला यांनी माझी गव्हाची चाळण नेली. मी विचारलं, तर म्हणाले की हल्ली आपण पीठ विकतच आणतो. हे खरं होतं. पण चाळण वापरात नाही म्हणजे ती रिकामी आहे असं नव्हे. तिच्यात मी कुरडया, सांडगे वाळवत होते. आईंकडे तक्रार नेली. दोन्ही बाजू ऐकून त्यांनी सांगितलं की खतासाठी बारीक भोकाची चाळण चालतच नाही, माळ्यावर वाळूची जाड चाळणी आहे, आणि ही आता कंपोस्टला लागली ती लागली, परत स्वयंपाकात येणार नाही, ठमीच्या पाण्याच्या भांड्यावर झाकण म्हणून ठेवा. म्हणजे दोघांचीही गेली.

मुलगी जर्मनीत असते. रविवारी व्हिडिओ कॉल लावते. आधी तिला ठमी दाखवायची, मग झाडं, मग आजी, आणि वेळ उरला तर आम्ही. तिच्याकडे पाण्याच्या, शीतपेयांच्या एकदाच वापरायच्या बाटल्यांवर पंचवीस सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की पैसे परत. आजीला हे फार आवडलं. तिने यंत्राचा व्हिडिओ दोनदा पाठवायला लावला. पण दह्याच्या प्लॅस्टिकच्या बादल्यांना तिकडे अनामत नाही, त्या फेकून देतात, असं मुलगी म्हणाली. मग कॅमेरा हलला आणि तिच्या ओट्यामागे एकात एक बसवलेल्या दह्याच्या बादल्यांचा उंच मनोरा दिसला. आजीने काही म्हटलं नाही. नुसती हसली.

वरच्या काकू यंदा मुलाकडे बंगळुरूला गेल्या. सून बाळंत होणार, त्यामुळे मुक्काम लांबणार. जाताना त्यांनी तीन गोष्टी आमच्या स्वाधीन केल्या. राजाची दुपारची पाळी, ब्रह्मकमळाची कुंडी आणि विरजणाची वाटी. हे विरजण त्यांच्या सासूबाईंच्या वेळेपासूनचं आहे असं त्या म्हणतात. रोज दह्याचा चमचाभर अंश पुढच्या दुधात जातो आणि दही होतं, तेव्हा हे अशक्य नाही. आम्ही गावाला गेलो की आमचं विरजण त्यांच्याकडे असतं. दोन्ही विरजणांची गल्लत होऊ नये म्हणून आईंनी त्यांच्या वाटीला लाल दोरा बांधला आहे. दही कोमट दुधात लावायचं, बोट बुडवून चटका न बसता ऊब लागली पाहिजे, एवढंच त्यातलं शास्त्र. आई मात्र त्यांचं विरजण लावताना हात जरा जास्तच स्वच्छ धुतात.

ब्रह्मकमळाला जुलैत कळ्या आल्या. वाकून खाली लोंबणाऱ्या कळीची मान ज्या दिवशी वर वळते, त्या रात्री ती फुलते. ते बघून आईंनी दुपारीच जाहीर केलं, आणि संध्याकाळपर्यंत तिन्ही मजल्यांवर निरोप गेले. नऊच्या पुढे लोक येऊ लागले. कोणी टॉर्च आणला, कोणी खुर्ची. पाऊस थांबला होता. मी भज्यांचा घाणा काढत होते, कारण रात्री जागणारं फूल बघायला आलेल्या माणसांना नुसता चहा देता येत नाही. अकराच्या सुमारास ते पूर्ण उमललं. पांढरं, तळहाताएवढं, आणि वास मागच्या गल्लीपर्यंत. कोणीतरी हळदकुंकू वाहिलं. तेवढ्यात हे म्हणाले, "तसं पाहिलं तर हे ब्रह्मकमळ नव्हे. खरं ब्रह्मकमळ हिमालयात. हे निवडुंग आहे, मूळचं मेक्सिकोकडचं."

हात जोडून उभी असलेली माणसं क्षणभर अडखळली.

"असू दे मेक्सिकोचं," आई म्हणाल्या. "मिरचीसुद्धा तिकडचीच, असं परवा तूच सांगत होतास ना? ठेचा करायचं सोडलंय का आपण?"

हात पुन्हा जोडले गेले. भज्यांची ताटं फिरली. दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी लावायला एक पान मागितलं, मग सगळ्यांनीच मागितलं, आणि हे कुंडीला पाठ लावून उभे राहिले. बंगळुरूहून काकूंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांना फूल दाखवलं, त्या रडवेल्या झाल्या. मग राजा कुठेय म्हणून विचारलं. राजा ऊर्फ ठमी कुंपणाच्या भिंतीवर बसून भज्यांकडे बघत होती, तीही दाखवली. सून बरी आहे, डॉक्टरांनी पुढची तारीख दिलीय, तिकडे पाऊस नाही, सगळं बोलून झालं. फोन ठेवता ठेवता त्यांनी आवाज जरा खाली आणून आईंना विचारलं, "आणि विरजण? एकदा दाखवा ना."

"सकाळी दाखवते," आई म्हणाल्या. "आत्ताच लावलंय. हलवायचं नाही."